पडद्यावरचं ‘नाही’

“पयल्यांदा त्या नाहीच म्हणत्यात की, बाई.”

नववीतला मुलगा माझ्यासमोर उभा राहून हे सांगत होता. आवाजात उर्मटपणा नव्हता, भीतीही नव्हती. गणिताची एखादी रीत सांगावी तसं त्यानं ते सांगितलं. 2014 सालचा डिसेंबर महिना. आमची शाळा तालुक्याच्या गावी, आजूबाजूच्या वाड्यावस्त्यांवरची मुलं एसटीनं येतात. स्टँडपासून शाळेपर्यंत पायी दहा मिनिटांचा रस्ता. त्या रस्त्यावर हा मुलगा आणि त्याचे दोन मित्र दोन महिने एका मुलीच्या मागून सायकली चालवत होते. तिच्या डब्याच्या पिशवीत चिठ्ठी टाकून झाली होती, मैत्रिणीकरवी निरोप धाडून झाला होता. कंपासपेटीतल्या कर्कटकाच्या टोकानं त्यानं स्वतःच्या मनगटावर तिच्या नावाचं पहिलं अक्षर कोरलं होतं, आणि शर्टाची बाही वर सारून ते त्यानं मला दाखवलं. खपली अजून ओली होती. आपण खरे आहोत याचा पुरावा म्हणून तो ती दाखवत होता.

“ती काय म्हणाली?” मी विचारलं.

“नाही म्हणाली.”

“मग?”

तेव्हा त्यानं ते वाक्य उच्चारलं. तुला हे कुणी सांगितलं, असं विचारल्यावर तो गोंधळला. यात सांगायचं काय, असा त्याचा चेहरा झाला. मग म्हणाला, “पिच्चरमधी बगा की कुठल्याबी.”

हा मुलगा वाईट नव्हता, हे मी मुद्दाम लिहिते. कारखाना सुरू झाला की बापाबरोबर उसाच्या ट्रॅक्टरवर जायचा, धाकट्या बहिणीला सायकलवर डबलसीट घेऊन यायचा, फळ्यावरची तारीख रोज न सांगता बदलायचा. मुलींच्या मागे लाग असं त्याला घरी कुणी शिकवलं नव्हतं. पण मुलगी आवडली तर तिच्याशी कसं बोलावं, तिनं नको म्हटलं तर ते कसं सोसावं, हेही कुणी शिकवलं नव्हतं. आईबापांना ते बोलायची लाज, आम्हा शिक्षकांना सवड नव्हती. ती जागा रिकामी राहिली आणि तिथं सिनेमा येऊन बसला.

जानेवारीत त्या मुलीचे वडील दाखला मागायला आले. मी पुष्कळ समजावलं. ते हात जोडून म्हणाले, “पोरीची जात हाय, बाई. उद्या नाव निघालं म्हंजे?” शाळा सोडल्याच्या दाखल्यावर कारणाचा एक रकाना असतो. त्यात मी माझ्या हातानं ‘पालकांच्या विनंतीवरून’ असं लिहिलं. अठरा पूर्ण व्हायच्या आत तिचं लग्न झाल्याचं पुढं कानावर आलं. मी तक्रार करायला हवी होती, केली नाही. ती टोचणी आजही आहे, आणि मी हे लिहायला बसले त्यामागं तीही आहे.

सिनेमानं पोरं बिघडतात असं म्हणणारे आपल्याकडे कमी नाहीत. त्यांचा रोख असतो सिगारेटीवर, दारूवर, तोकड्या कपड्यांवर, मारामारीवर. मला वाटतं, खरा धोका तिथं कमी आहे. पडद्यावर खून पाहून घरी येऊन खून करणारा माणूस विरळा. सिनेमाचं काम त्याहून शांतपणे चालतं. तो आपल्याला गोष्टींची नावं शिकवतो. मुलीच्या मागं महिनोन्‌महिने फिरणं याला प्रेम म्हणायचं, सासरी मुकाट छळ सोसणं याला संस्कार म्हणायचं, भर चौकात एखाद्याला ठेचून काढणं याला न्याय म्हणायचं. चांगलं नाव मिळालं की त्या गोष्टीची लाज जाते. म्हणून तर तो मुलगा बाही वर सारून हात दाखवू शकला.

“अहो, करमणूक आहे ती, घटकाभर बघायची आणि सोडून द्यायची,” असं कुणी म्हणालं की मला माझी आई आठवते. 1975 साली ‘जय संतोषी माँ’ आला. त्याच वर्षी ‘शोले’ आला, ‘दीवार’ आला, पण आमच्या घरात शिरला तो संतोषी मातेचा सिनेमा. जत्रेतल्या तंबूत तो लागला तेव्हा मी अगदी लहान होते. बायका चपला बाहेर काढून आत बसल्या. पडद्यावर देवी आली की नाणी आणि फुलं उधळली जात. देशभरातल्या थिएटरांतून तेव्हा हेच चाललं होतं. आईनं पुढच्या शुक्रवारी गूळ-चण्याचा नैवेद्य दाखवला, आणि मग कित्येक वर्षं शुक्रवारी आमच्या घरात आंबट म्हणून काही झालं नाही, ताकसुद्धा नाही. त्याआधी ही देवी आमच्या गल्लीत कुणाला ठाऊक नव्हती. आईच्या श्रद्धेला मी नावं ठेवत नाही. एवढंच म्हणते, की ज्या सिनेमानं आमच्या चुलीपर्यंत येऊन ताक बंद केलं, त्यानं पोराच्या डोक्यात काहीच होत नाही असं मला पटत नाही.

याचा शास्त्रीय अभ्यास साठ वर्षांपूर्वीच झाला आहे. अमेरिकेतल्या स्टॅनफर्ड विद्यापीठात अल्बर्ट बांडुरा या मानसशास्त्रज्ञानं बालवाडीतल्या मुलांना एक फिल्म दाखवली. तीत एक मोठा माणूस हवा भरलेल्या बाहुल्याला बदडत होता. 1965 साली प्रसिद्ध झालेल्या प्रयोगात या फिल्मचे तीन शेवट केले होते. एकात मारणाऱ्याला शाबासकी आणि खाऊ मिळाला, दुसऱ्यात त्याला दटावलं गेलं, तिसऱ्यात काहीच झालं नाही. ज्यांनी दटावणी पाहिली त्या मुलांनी नंतर बाहुल्याला कमी मारलं. इथपर्यंत आपल्यालाही अंदाज बांधता येतो. पण मग सगळ्या मुलांना सांगितलं, की त्यानं काय काय केलं ते करून दाखवा, बक्षीस देतो. तेव्हा तिन्ही गटांतल्या मुलांनी जवळजवळ सारखंच करून दाखवलं. शिकली सगळीच होती. शिकलेलं वापरायचं का नाही, तेवढंच शेवटानं ठरवलं होतं.

हे वाचल्यापासून मी सिनेमाचा शेवट वेगळ्या नजरेनं बघते. ‘तेरे नाम’ (2003) मधला नायक मुलीला पळवून नेतो आणि आपलं प्रेम तिच्या गळी उतरवतो. त्या वर्षी आमच्या गावातल्या सलूनमध्ये पोरांनी मधोमध भांग पाडून मानेपर्यंत केस वाढवले होते. ‘रांझणा’ (2013) मध्ये शाळकरी नायक मुलीसमोर मनगट कापून घेतो आणि ती विरघळते. माझ्या विद्यार्थ्याच्या मनगटावरचं अक्षर त्याच्या पुढच्याच वर्षीचं. ‘कबीर सिंग’ (2019) मध्ये कॉलेजातला सीनियर एका बुजऱ्या मुलीला न विचारता ती आपली असल्याचं सगळ्यांना बजावतो, आणि हा सिनेमा त्या वर्षीच्या सर्वाधिक कमाईच्या हिंदी सिनेमांत जाऊन बसला. या नायकांना दुःख भोगावं लागतं, कुणी वेडा होतो, कुणी मरतो. पण मुलीचं मन त्यांना मिळतंच. बांडुराच्या भाषेत सांगायचं तर खाऊ मिळतो.

खाऊ न मिळाला तरी काय होतं ते ‘डर’ (1993) मध्ये दिसलं. मुलीला फोन करून, तिच्या मागावर राहून तिचं जगणं नकोसं करणारा राहुल हा त्या सिनेमातला खलनायक आहे आणि शेवटी तो मारला जातो. सिनेमानं आपली बाजू स्पष्ट केलेली आहे. तरी शिट्ट्या पडल्या त्या राहुलला. गल्लीगल्लीत पोरं त्याच्यासारखं अडखळत मुलींची नावं घेऊ लागली. मी तेव्हा नुकतीच नोकरीला लागले होते. वर्गाकडे पाठ करून फळ्यावर लिहू लागले की मागून तो अडखळता आवाज यायचा आणि बाकावरची एखादी मुलगी मान खाली घालायची.

2015 साली ऑस्ट्रेलियातल्या टास्मानिया राज्यात एक खटला चालला. तिथं सुरक्षारक्षकाचं काम करणाऱ्या एका भारतीय तरुणानं दोन बायकांचा पाठलाग केला होता, फोन आणि मेसेज करून त्यांना हैराण केलं होतं. त्याच्या वकिलानं सांगितलं, की हा हिंदी सिनेमे बघत वाढला आहे, चिकाटी धरली की मुलगी शेवटी वश होते असं त्याला खरंच वाटत होतं. न्यायालयानं ते विचारात घेतलं आणि त्याचा तुरुंगवास टळला. ही बातमी वाचून आपल्याकडे पुष्कळ लोक हसले. मला हसू आलं नाही. परक्या देशातल्या वकिलाला जे दिसलं ते आपल्याला घरात बसून का दिसत नाही, असं वाटलं.

आपल्याकडे त्या वागण्याला एक शब्दच तयार आहे. 1990 साली उल्हासनगरात दहावीच्या परीक्षेला बसलेल्या मुलीला परीक्षेच्या खोलीत जाळून मारलं. 2020 च्या फेब्रुवारीत हिंगणघाटला कॉलेजात शिकवायला निघालेल्या तरुण प्राध्यापिकेला भर रस्त्यात पेटवलं, आठवड्याभरात ती गेली. या दोन घटनांच्या मधे तीस वर्षं गेली, आणि बातम्यांतला शब्द बदलला नाही: ‘एकतर्फी प्रेमातून’. या खुन्यांनी अमुक सिनेमा पाहून खून केला असं मी म्हणत नाही, तसं म्हणायला मला काही आधार नाही. मी त्या शब्दाबद्दल बोलते आहे. जिला नको होतं तिच्या अंगावर पेट्रोल ओतणाऱ्याच्या मनात जे होतं, त्याला आपण ‘प्रेम’ म्हणतो, फक्त मागं ‘एकतर्फी’ लावतो. दरोड्याला आपण एकतर्फी देवघेव म्हणत नाही. पाठलाग हा शब्द मराठीत आहे, छळ आहे, सूड आहे. 2013 पासून मुलीचा पाठलाग करणं हा आपल्या कायद्यात स्वतंत्र गुन्हा आहे, पहिल्या खेपेलाच तीन वर्षांपर्यंत कैद होऊ शकते. नव्या भारतीय न्याय संहितेत तो कलम 78 मध्ये आहे. कायद्यानं नाव बदललं. वर्तमानपत्रांनी आणि सिनेमानं अजून बदललेलं नाही.

वाईट याचं वाटतं, की बाईचं ‘नाही’ समजून घ्यायची सुरुवात महाराष्ट्रानं फार लवकर केली होती. रखमाबाईंचं लग्न त्या अकरा वर्षांच्या असताना लागलं. मोठेपणी त्यांनी नवऱ्याकडे नांदायला जायला नकार दिला. 1884 मध्ये नवऱ्यानं मुंबईच्या उच्च न्यायालयात दावा लावला. आधी निकाल त्यांच्या बाजूनं लागला, अपिलानंतर 1887 मध्ये हुकूम झाला, की नवऱ्याकडे जा नाहीतर सहा महिने तुरुंगात जा. त्या तुरुंगात जायला तयार झाल्या. टिळकांच्या ‘केसरी’नं त्यांच्यावर टीकेची झोड उठवली, गावोगाव वाद झाले. शेवटी तडजोड झाली, रखमाबाई इंग्लंडला जाऊन डॉक्टर होऊन परत आल्या. देवलांचं ‘संगीत शारदा’ रंगभूमीवर आलं 1899 मध्ये. म्हाताऱ्याच्या गळ्यात बांधल्या जाणाऱ्या मुलीची व्यथा त्यानं घराघरांत नेली. 1929 चा बालविवाहाचा कायदा हरबिलास सारडा यांच्या नावानं ओळखला जातो, तरी आपल्याकडच्या अनेकांना तो देवलांच्या शारदेवरून ‘शारदा कायदा’ झाला असंच वाटतं. नाटकानं लोकांच्या मनात केवढी जागा केली होती, ते या चुकीवरून कळतं.

आणि 1937 मध्ये ‘प्रभात’चा ‘कुंकू’ आला. ना. ह. आपट्यांच्या ‘न पटणारी गोष्ट’ या कादंबरीवरचा, व्ही. शांतारामांनी दिग्दर्शित केलेला. नीराचं, म्हणजे शांता आपट्यांचं, लग्न फसवून एका म्हाताऱ्या विधुराशी लावून देतात. केशवराव दात्यांनी तो म्हातारा उभा केला आहे. नीरा सासरी येते, पण त्याला नवरा मानायला नकार देते. रडत बसत नाही, पळून जात नाही, जीव देत नाही. त्याच घरात राहून ‘नाही’ म्हणते आणि त्या शब्दाला चिकटून राहते. म्हाताऱ्याचा वयात आलेला मुलगा तिच्याकडे वाकड्या नजरेनं बघतो, तेव्हा ती त्याला छडीनं फोडून काढते. तिच्या बाजूनं उभी राहणारी म्हाताऱ्याची लेक झाल्या आहेत शकुंतला परांजपे, ज्यांनी पुढं संततिनियमनाच्या प्रचाराला आयुष्य दिलं. आणि म्हाताऱ्यालाही सिनेमानं राक्षस केलेलं नाही. आपण काय केलं ते त्याला हळूहळू उमगत जातं, आपल्याला त्याची कीव येते, पण ती कीव येऊनही आपण नीराचीच बाजू घेतो. त्या काळी तो मराठीत गाजला, आणि ‘दुनिया न माने’ या नावानं हिंदीतही. विवाहित बाईचं ‘नाही’ ऐकायला लोक तिकीट काढून येत होते. पत्नी अठरा वर्षांवरची असेल तर तिच्या मनाविरुद्ध नवऱ्यानं केलेला संबंध आपल्या फौजदारी कायद्यात आजही बलात्कार ठरत नाही. म्हणजे नीरा जे म्हणाली, तिथवर आपला कायदा अजून पोचलेला नाही.

त्यानंतर चोपन्न वर्षांनी, 1991 मध्ये, विजय कोंडक्यांचा ‘माहेरची साडी’ आला. या सिनेमाबद्दल लिहिताना माझा हात जड होतो, कारण मी त्यात पोटभर रडले आहे. मी तेव्हा कॉलेजात होते. आई, मावशी, शेजारच्या दोन काकू आणि मी, असं टेंपोत बसून तालुक्याला गेलो होतो. थिएटरबाहेर गावोगावच्या टेंपोंची रांग होती. वडील मुलीला पांढऱ्या पायाची मानून झिडकारतात, सासू छळते, आणि अलका कुबल सगळं सोसत राहते. थिएटरात बायकांच्या हुंदक्यांनी पडद्यावरचं बोलणं ऐकू येईना. मध्यंतरात कुणी चहाला उठलं नाही. शेजारच्या काकूंनी पदर तोंडात धरला होता आणि त्यांच्या कोपरावर भाजल्याचा जुना डाग होता. तो डाग कसला, हे आम्हा सगळ्यांना माहीत होतं. परतताना टेंपोत बराच वेळ कुणी बोललं नाही. मग मावशी म्हणाली, “बाईनं असं असावं. किती सोसलं, पण माहेरचं नाव राखलं.” काकूंनी मान डोलवली. दुसऱ्या दिवसापासून त्या पुन्हा त्याच घरात, त्याच माणसापाशी.

त्या बायकांना सिनेमात आपलं दुःख दिसलं, आपल्यासाठी कुणीतरी रडलं, ही लहान गोष्ट नाही. तिची थट्टा करणाऱ्या शहरी लोकांचा मला राग येतो. पण दुःख दाखवल्यावर सिनेमानं त्याला नाव काय दिलं? पुण्याई. सासूचा छळ ही तिच्या चांगुलपणाची परीक्षा झाली, आणि परीक्षेत पास होण्याची रीत म्हणजे सोसणं. काकूंच्या कोपरावरचा डाग त्या दिवशी गुन्ह्याचा पुरावा होऊ शकला असता. तो दागिना झाला. नीराच्या हातातली छडी अर्ध्या शतकात कुठं हरवली, हे मला कळत नाही. आणि ज्या मुलाला पाठलाग म्हणजे प्रेम असं पडद्यावरून कळलं, त्याच्याच आईला सोसणं म्हणजे संस्कार असं कळलं होतं. एकाच घरात हे दोन धडे शेजारी शेजारी राहतात आणि एकमेकांना टेकू देतात.

सगळा परिणाम वाईटच होतो असं मुळीच नाही. रॉबर्ट जेन्सन आणि एमिली ऑस्टर या दोन अर्थशास्त्रज्ञांनी 2009 मध्ये एक अभ्यास प्रसिद्ध केला. बिहार, हरियाणा, तामिळनाडू, गोवा आणि दिल्ली इथल्या घरांचा. गावात केबल टीव्ही आल्यावर नवऱ्यानं मारणं योग्य मानणाऱ्या बायकांचं प्रमाण कमी झालं, मुलगाच हवा हा हट्टही कमी झाला, असं त्यांना आढळलं. ज्या मालिकांना मी वर्षानुवर्षं नाकं मुरडली, त्यांत शहरातली, कमावणारी, नवऱ्याला उलट उत्तर देणारी बाई रोज संध्याकाळी दिसत होती, आणि तेवढंही पुरेसं झालं. पडद्याची ताकद दोन्हीकडे चालते, हे यातून मी शिकले.

पण चांगला सिनेमा काढून भागतं का? ‘सैराट’ (2016) घ्या. त्यातली आर्ची स्वतः बघते, स्वतः ठरवते, बुलेटही चालवते आणि ट्रॅक्टरही. नागराज मंजुळ्यांनी शेवटी आवाजच बंद केला आहे. आर्चीच्या लहानग्याची रक्तानं माखलेली पावलं फरशीवर उमटत जातात आणि थिएटरात कुणी चकार शब्द बोलत नाही. मी तो सिनेमा पाहिला तेव्हा दिवे लागल्यावरही लोक उठत नव्हते. आणि त्याच वर्षीच्या मे महिन्यात आमच्या भागात एकही वरात अशी निघाली नाही जिच्यात त्यातलं ‘झिंगाट’ हे गाणं वाजलं नाही. मुलीला न विचारता ठरवलेल्या लग्नांच्या वरातीतही वाजलं. ज्या भावांनी बहिणीचा मोबाइल काढून घेतला होता तेही नाचले. सिनेमानं आपलं काम केलं होतं. आपण त्यातलं हवं ते उचललं आणि ती पावलं तिथंच सोडून आलो. म्हणून सगळा दोष पडद्यावर ढकलून मोकळं होता येत नाही.

मग बंदी घाला, कात्री लावा, असं सुचवणारे येतात. त्यांना माझं सांगणं आहे, की कात्री ज्यांच्या हातात असते ते आधी नीराला कापतील. ख्वाजा अहमद अब्बास यांच्या माहितीपटावरून झालेल्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयानं 1970 मध्ये म्हटलं होतं, की इतर कुठल्याही कलेपेक्षा सिनेमा माणसाच्या भावना अधिक ढवळतो, म्हणून त्याची आधी तपासणी करायला हरकत नाही. निरीक्षण खरं आहे. पण तपासणी वयाच्या हिशेबानं होते. आता तर यूए दाखल्यात 7, 13 आणि 16 अशा तीन पायऱ्या आहेत. रक्त मोजता येतं, शिव्या मोजता येतात, चुंबनाचे सेकंद मोजता येतात. नायकानं मुलीला विचारलं का, हे कुठल्याच दाखल्यात मोजत नाहीत. आणि माझ्या वर्गातली पोरं सिनेमा बघतात ती मोबाइलवर, आठ-दहा जणांनी मिळून, तुकड्यातुकड्यांत. तिथं दाखल्याला कोण विचारतो.

त्या मुलीचा शाळा सोडल्याचा दाखला लिहिला त्या वर्षापासून मी एक गोष्ट करू लागले. दर वर्षी नववीला, मूल्यशिक्षणाच्या तासाला, ‘कुंकू’मधले काही प्रसंग दाखवते. पहिल्या पाच मिनिटांत मुलं हसतात. जुनी चरचर, नाटकी बोलणं, नऊवारी. मग हसू थांबतं. एकदा छडीचा प्रसंग झाल्यावर मागच्या बाकावरच्या मुलानं हात वर केला. “पण बाई, तिचं लगीन झालंय की. मग ती नाही कशी म्हणंल?” वर्ग गप्प झाला. मी उत्तर देणार तेवढ्यात खिडकीपाशी बसलेली, एरवी हजेरीलासुद्धा तोंडातल्या तोंडात बोलणारी मुलगी म्हणाली, “पण तिला इचारलं कुठं हुतं?” तास संपल्याची घंटा झाली तरी मुलं भांडत होती. मला त्यात बोलावं लागलं नाही. मी गुपचूप प्रोजेक्टर बंद केला.

पालकांना माझी विनंती आहे. मुलांबरोबर सिनेमा बघायला बसा, आणि नायक मुलीची वाट अडवतो तिथं थांबवून फक्त एवढं विचारा, की आपल्या ताईची वाट कुणी अशी अडवली असती तर? भाषण नको. उत्तर आलं नाही तरी चालेल, पुन्हा सुरू करा. बातमीदारांना विनंती, की ‘एकतर्फी प्रेम’ हे शब्द सोडा. आणि माझ्यासारख्या शिक्षकांना विनंती आहे ती गॅदरिंगची. डिसेंबर आला की शाळाशाळांतून गाणी निवडली जातात आणि आपण ठेका ऐकून हो म्हणतो. त्या गाण्यांवर आपल्याच मुली नाचणार असतात, त्या गाण्यांत त्यांचीच वाट अडवलेली असते. आमच्याकडे आता गाण्यांचे शब्द आधी कागदावर उतरवून आठवी-नववीच्या मुलींना वाचायला देतात, आणि त्यांनी फुली मारलेलं गाणं बसवत नाहीत. गेल्या वर्षी अकरा गाणी आली होती. मुलींनी चारांवर फुली मारली. ती चार गाणी झाली नाहीत.